शहराचें सामाईक अंगण

जुन्या वाड्यांचीं वांटणीपत्रें ज्यांनीं वाचलीं असतील त्यांस एक गोष्ट खचित आठवेल. भाऊ विभक्त होतात, दालनें वांटलीं जातात, माडी एकाच्या वांट्यास व कोठी दुसऱ्याच्या वांट्यास जाते. पण शेवटीं एक कलम हटकून असतें : चौक, विहीर, जिना व मागील दारचा बोळ हीं सर्वांचीं सामाईक राहतील. त्यांत कोणीं भिंत घालूं नये व कोणाची वहिवाट अडवूं नये. वांटणीपत्र लिहिणारा कारकून मोठा तत्त्वज्ञ असे असें नव्हे. परंतु विहीर एकाच्याच हद्दींत गेली तर दुसऱ्याच्या चुलीवर भात शिजणार नाहीं, हें त्यास पक्कें ठाऊक असे.

शहर हेंही एक मोठें एकत्र कुटुंबच होय, आणि त्याची वांटणी ज्या कागदावर होते त्यास सरकारी भाषेंत ‘विकास आराखडा’ असें म्हणतात. घरें कोठें व्हावीं, दुकानें कोठें, कारखाने कोठें. शाळा, दवाखाना, मंडई, खेळाचें मैदान व स्मशान यांसाठीं जागा कोठें राखावी. रस्ता किती रुंद असावा, हें सर्व त्यांत ठरतें. घरांतील मुलगा शाळेस पायीं जाईल कीं रिक्षांतून, आजोबांस सायंकाळीं झाडाखालीं बांक मिळेल कीं नाहीं, सुनेस बाळंतपणासाठीं जवळचें प्रसूतिगृह लाभेल कीं शहराच्या दुसऱ्या टोंकास जावें लागेल, याचा निकाल पुष्कळदां वीस वर्षें आधीं एका नकाशावर लागलेला असतो. असें असून, ज्या घरांत पंचांग दरवर्षीं न चुकतां येतें त्या घरांतही आपल्या प्रभागाचा हा नकाशा एकदां तरी उलगडून पाहिलेला गृहस्थ विरळा. म्हणून पुण्याचें उदाहरण घेऊन या विषयाची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. कायदा साऱ्या महाराष्ट्रास एकच असल्यामुळें नाशिक, सोलापूर वा कोल्हापूर येथील वाचकांसही त्यांतील बहुतेक भाग लागू पडेल.

मंडई आणि शाळा

पुण्याची म्युनिसिपालिटी १८५७ सालीं स्थापन झाली व १५ फेब्रुवारी १९५० रोजीं तिची महानगरपालिका झाली. या दीर्घ काळांत सभागृहांत जे वाद झाले, त्यांचें मूळ शोधूं लागल्यास बहुधा एकाच प्रश्नापाशीं येऊन पोंचतें : सर्वांच्या पैशांतून व सर्वांच्या जागेंतून प्रथम कोणाची गरज भागवावयाची?

जोतीराव फुले हे १८७६ पासून १८८२ पर्यंत या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. शहरांत मोठी मंडई बांधावी असा विचार तेव्हां चालू होता. इतका पैसा इमारतींत घालण्यापेक्षां तो शिक्षणाकडे लावावा, अशी त्यांची बाजू होती. ती मान्य झाली नाहीं. मंडई उभी राहिली, १८८६ सालीं ती खुली झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला मिळालें. पुढें त्याच मंडईस महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. आज तेथें भाजी घेणाऱ्या गृहिणीस हा इतिहास क्वचितच ठाऊक असेल. मंडई नको होती असें आम्ही म्हणत नाहीं. शंभर वर्षांहून अधिक काळ तिनें शहरास भाजी पुरविली आहे. परंतु मंडईच्या विरुद्ध बोलणारा एक सभासद तेथें होता, व त्याच्या बोलण्यांत ज्यांस अद्याप अक्षरओळख नव्हती अशा मुलांचा विचार होता, ही गोष्ट विसरतां कामा नये.

दुसरा प्रसंग आमच्या वाचक भगिनींस अधिक जवळचा वाटेल. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांत एक कायदा झाला व त्यान्वयें म्युनिसिपालिट्यांस आपल्या हद्दींत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा मिळाली. पुण्यांत लगेच वाद उत्पन्न झाला : ही सक्ती प्रथम मुलांपुरतीच करावी, कीं मुलींसही लागू करावी? पैसा थोडा आहे, आधीं मुलांचें पाहूं, मुलींचें सवडीनें, असें म्हणणारे कांहीं लहानसहान लोक नव्हते. शहरांतील मोठमोठे पुढारी त्या पक्षांत होते. उलट पक्षीं श्रीमती रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यांतील स्त्रियांनीं १९२० सालीं चळवळ केली, सभा भरविल्या व आपलें म्हणणें जाहीर रीतीनें मांडलें. शाळेचा प्रश्न वरकरणीं जमाखर्चाचा दिसत होता. वस्तुतः मुलगी ही शहराची पूर्ण वारस आहे कीं नाहीं, असा तो प्रश्न होता. २०११ सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील नागरी संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखल्या गेल्या. त्या जागांवर बसणाऱ्या भगिनींच्या मागें ही जुनी परंपरा उभी आहे.

रंगांची भाषा

म्युनिसिपालिटीनें दिवाबत्ती, झाडलोट व पाणी पाहावें, एवढीच जुनी कल्पना होती. जमीन कशी वापरावी हें ठरविण्याचा अधिकार तिला क्रमाक्रमानें मिळाला. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला. वेड्यावांकड्या शेतांच्या हद्दी एकत्र करून, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढून, उरलेले नीट आंखलेले प्लॉट मूळ मालकांस परत द्यावयाचे, अशी त्यांतील योजना होती. भांबुर्डें म्हणजे आजचें शिवाजीनगर, तेथील सरळ रस्ते ज्यांनीं पाहिले असतील त्यांस या योजनेचें फळ वेगळें सांगावयास नको. पेठांतील बोळ पायवाटेनें घडले. तेथील रस्ते पट्टी ठेवून आंखले गेले.

पुढें १९५४ च्या कायद्यानें साऱ्या शहराचा एकच आराखडा करणें आवश्यक झालें, व १९६६ सालीं ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम’ मंजूर झाला. तोच आज आधारभूत आहे. पुण्याचा पहिला विकास आराखडा १९६६ सालीं, दुसरा १९८७ सालीं आणि जुन्या हद्दीचा तिसरा २०१७ सालीं मंजूर झाला. वीस वर्षांत एकदां आराखडा सुधारावा अशी कायद्याची अपेक्षा असतां येथें तीस वर्षें लोटलीं. १९८७ सालीं ज्या बालकासाठीं मैदान राखलें, तें बालक २०१७ सालीं स्वतः बाप झालेलें होतें.

हा आराखडा तयार होण्याची रीत अशी : महानगरपालिका प्रथम आपला मनोदय जाहीर करिते. मग शहरांतील प्रत्येक जागेचा सध्यां काय उपयोग होतो याची पाहणी होऊन तिचा नकाशा केला जातो. त्यावरून पुढील लोकसंख्येचा अदमास घेऊन मसुदा तयार होतो व तो प्रसिद्ध केला जातो. यानंतर तीस दिवस नागरिकांस हरकती व सूचना पाठवितां येतात. स्थायी समितीचे तीन सभासद व शासनाच्या नगररचना संचालकांनीं नेमलेले चारपर्यंत जाणकार, अशी समिती त्यांची सुनावणी घेते. तिच्या अहवालानंतर मसुदा राज्य शासनाकडे जातो, आणि शेवटचा शब्द शासनाचा असतो.

नकाशा पाहावयास बसल्यावर घाबरून जाण्याचें कारण नाहीं. साधारणपणें राहत्या वस्तीस पिवळा, व्यापारास निळा, कारखान्यांस जांभळा आणि बागा व मैदानें यांस हिरवा रंग असतो. आपल्या घराचा सर्व्हे नंबर वा सिटी सर्व्हे नंबर शोधावा, त्याच्या भोंवतीं बोट फिरवावें, आणि मागील नकाशांत तेथें कोणता रंग होता तें ताडून पाहावें. पूर्वीं हिरवा असलेला तुकडा नव्या नकाशांत पिवळा झालेला दिसला, तर तेथें विचारण्याजोगें कांहीं आहे असें समजावें. घरांतील दहावी-अकरावींतील मुलांस हें काम सांगितल्यास तीं तें मोठ्या हौसेनें करितील व भूगोलाचा एक धडाही शिकतील.

दहा वर्षांची मुदत

येथवर सर्व सोपें आहे. खरी अडचण पुढें आहे. हिरव्या रंगाखालीं जी जमीन असते ती बहुधा कोणाची तरी खासगी मालकीची असते. एखाद्या कुटुंबाची वडिलोपार्जित जागा. आजोबांनीं पैसा पैसा साठवून घेतलेली. तिच्यावर ‘शाळेसाठीं’ किंवा ‘उद्यानासाठीं’ असा शिक्का पडला कीं मालकास तेथें घर बांधतां येत नाहीं, गिऱ्हाईक मिळत नाहीं. आणि महानगरपालिका ती जागा वर्षानुवर्षें ताब्यांत घेत नाहीं, पैसेही देत नाहीं. मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण, म्हातारपणचें औषध, सर्व त्या शिक्क्यापाशीं अडून राहतें. हा अन्याय काल्पनिक नाहीं, व तो सोसणारीं घरें आमच्या वाचकांतही असतील.

यास्तव कायद्यानें मालकास एक उपाय ठेविला आहे. आराखडा अमलांत आल्यापासून दहा वर्षांत ती जागा घेण्याचे योग्य उपाय झाले नाहींत, तर मालकानें रीतसर सूचनापत्र द्यावें. त्यानंतर ठरलेल्या मुदतींतही जागा घेतली गेली नाहीं, तर आरक्षण आपोआप संपतें व जागा मालकास मोकळी होते. ही मुदत पूर्वीं सहा महिन्यांची होती. पुढें ती वर्षाची झाली व २०१५ सालच्या दुरुस्तीनें दोन वर्षांची झाली. प्रसिद्ध ‘कलम १२७’ तें हेंच.

मालकाच्या दृष्टीनें हें न्याय्य आहे. पण याचा दुसरा अर्थ असा कीं, महानगरपालिका स्वस्थ बसली तर शहराचें मैदान कोणींही ठराव न करितां, कोणींही हात वर न करितां, नुसत्या काळाच्या ओघानें नाहींसें होतें. चोरी झाल्यास ओरड तरी होते. मुदत टळल्याचा आवाज होत नाहीं.

पैसा नसेल तर जागा कशी घ्यावी? त्यासाठीं एक युक्ति निघाली आहे. मालकानें आरक्षित जागा महानगरपालिकेस द्यावी व मोबदला म्हणून दुसरीकडे तितक्या प्रमाणांत अधिक बांधकाम करण्याचा हक्क घ्यावा. हा हक्क त्यास विकतांही येतो. यास लोकांत ‘टी. डी. आर.’ म्हणतात. रोकड न देतां जागा मिळते, म्हणून ही युक्ति महानगरपालिकांस प्रिय झाली. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एका ठिकाणीं वांचविलेल्या मोकळ्या जागेचें ओझें दुसऱ्या ठिकाणच्या गल्लीवर चढतें. तीन मजल्यांच्या जागीं सात मजले होतात. पाण्याचा नळ, गटार व रस्ता मात्र पूर्वींचाच राहतो. तेव्हां हा मोबदला फुकटचा नव्हे. त्याची किंमत कोणींतरी शेजारी देतच असतो.

या प्रश्नांत आमच्या समाजाचा एक दोष स्पष्टपणें सांगणें भाग आहे. आपल्या जागेवर आरक्षण आलें कीं तो अन्याय. शेजाऱ्याच्या जागेवर आलें कीं तें लोकहित. बाग हवी, पण आपल्या प्लॉटवर नको. रस्ता रुंद व्हावा, पण समोरच्या बाजूनें. कचऱ्याची व्यवस्था व्हावी, परंतु दुसऱ्या गांवाच्या शिवेवर. ही वृत्ति सोडल्यावांचून मालकाच्या न्यायाचें व शहराच्या गरजेचें माप एकाच तराजूंत घालतां येणार नाहीं. जागा हवी तर तिचा मोबदला वेळेवर द्यावा, आणि वेळेवर देण्याइतका पैसा अंदाजपत्रकांत दरवर्षीं वेगळा काढून ठेवावा, हाच सरळ मार्ग होय. ज्या आरक्षणामागें पैसा नाहीं तें नकाशावर हिरवें दिसतें, पण वस्तुतः मालकाची कुचंबणा व मुलांची निराशा यांखेरीज त्यांतून कांहींच निघत नाहीं.

टेकडी आणि ओढा

पुण्याच्या टेकड्यांचा प्रश्न या सर्वांत मोठा. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी हीं नांवें फिरावयास जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडीं आहेत. १९९७ सालीं ३८ गांवें शहरांत घेण्यांत आलीं; त्यांतील कांहीं पुढें वगळल्यावर २३ उरलीं. या गांवांच्या आराखड्यांत टेकड्यांवरील सुमारें ९७८ हेक्टर जमीन ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून राखण्याचें ठरलें. यावर पुष्कळ वर्षें वाद चालला. थोडें तरी बांधकाम करूं द्यावें असें एक पक्ष म्हणे. एक वीटही नको असें दुसरा म्हणे. शेवटीं २०१५ सालीं शासनानें आरक्षण मान्य केलें व मालकांस आठ टक्के ‘टी. डी. आर.’ देण्याचें ठरविलें. म्हणजे शंभर चौरस मीटर जमिनीमागें आठ चौरस मीटर बांधकामाचा हक्क. हा मोबदला अपुरा आहे असें मालकांचें म्हणणें पडलें, व जमिनी ताब्यांत येण्याचें काम मंदगतीनें चाललें. येथेंही वर सांगितलेलाच पेंच आहे.

टेकडीवरील गवत व झुडपें पाहून कोणी म्हणेल, ही ओसाड जागा काय कामाची? यास पुण्याचा इतिहासच उत्तर देतो. पेशव्यांच्या काळीं कात्रजला तलाव बांधून तेथून नळानें शहरांत पाणी आणलें होतें व हौद भरले होते. पर्वतीच्या पायथ्याशीं आंबील ओढ्याचें पाणी अडवून तळें केलें होतें. त्या तळ्यांतील बेटावरचा तो ‘तळ्यांतला गणपति’; तळें आटविल्यावर तेथें सारसबाग झाली. सांगण्याचा मुद्दा असा कीं, टेकड्यांवर पडणारें पाणी कोणत्या वाटेनें खालीं येतें हें जुन्या माणसांस ठाऊक होतें, व त्या वाटेचा मान ते राखीत.

तो मान राखला नाहीं म्हणजे काय होतें हें शहरानें २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं पाहिलें. कात्रजच्या बाजूस जोराचा पाऊस झाला व आंबील ओढा कांठच्या वस्त्यांत शिरला. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. शहर व परिसर मिळून वीसहून अधिक माणसें दगावलीं. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर धरण फुटल्यामुळें आला होता. हा पूर कोणतेंही धरण न फुटतां आला. पाण्यानें आपली जुनी वाट सोडली नव्हती. त्या वाटेवर आपण घरें बांधलीं होतीं. टेकडीची माती उघडी न ठेवतां तिच्यावर काँक्रीट घातलें, कीं जें पाणी जमिनींत मुरलें असतें तें सर्व एकदम खालीं धांवतें. तेव्हां टेकडीवरचा हिरवा रंग केवळ सकाळच्या फेरीसाठीं नाहीं. तो ओढ्याकांठच्या झोंपडीचें व बंगल्याचें सारखेंच रक्षण करितो.

तथापि दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगानें रस्ता काढावा, ही योजना याच कारणानें वादग्रस्त झाली. २०२३ सालीं तिच्या विरुद्ध नागरिकांनीं मोर्चा काढला. विधि महाविद्यालयाच्या रस्त्यावर रोज अडकून पडणाऱ्या माणसाची तक्रार खोटी नाहीं. परंतु एक रस्ता भरला म्हणून टेकडी कापून दुसरा करावा, व तोही भरल्यावर तिसरा शोधावा, या मार्गास अंत नाहीं. मोटार ही विकत घेतां येते. टेकडी कोणत्याही बाजारांत मिळत नाहीं. निर्णय घेतांना हा फरक डोळ्यांसमोर असावा, एवढेंच आमचें म्हणणें.

हरकतींचें बळ

‘आपल्या एका कागदानें काय होणार?’ असा प्रश्न कित्येक विचारितात. याचें उत्तर अनुभवानें द्यावें. पुण्याच्या जुन्या हद्दीचा मसुदा २०१३ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यावर ८७ हजारांवर हरकती व सूचना आल्या. त्यानंतर २०१५ सालीं शासनानें तो आराखडा महानगरपालिकेच्या हातून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालीं तिघांची समिती नेमली, आणि २०१७ च्या जानेवारींत फेरफारांसह त्यास मंजुरी दिली. मुंबईचा मसुदा २०१५ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला. त्यांत इतक्या चुका निघाल्या व नागरिकांनीं इतकी ओरड केली कीं, त्याच वर्षीं एप्रिलांत मुख्यमंत्र्यांनीं तो मागें घेऊन पुनः तयार करण्यास सांगितलें. सुधारलेला आराखडा २०१८ सालीं मंजूर झाला. नुसत्या कागदांनीं एवढें घडूं शकतें.

मात्र येथें एक शंका राहते. लोकनियुक्त सभेच्या हातून काम काढून शासनाकडे देणें हा खरा उपाय आहे काय? घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें, जी १९९३ सालीं अमलांत आली, नागरी संस्थांकडे सोंपविण्याजोग्या अठरा विषयांची यादी दिली. तिच्यांतील पहिला विषय नगररचना व दुसरा जमिनीचा वापर आणि इमारतींचें नियमन हा आहे. शेवटचा शब्द मात्र आजही शासनाचाच. त्यांतच मार्च २०२२ मध्यें पुण्याच्या सभासदांची मुदत संपल्यावर दीर्घकाळ निवडणूक झाली नाहीं व सभेचे अधिकार एका प्रशासकाच्या हातीं राहिले. प्रशासक कितीही कर्तबगार असला तरी त्यास मत देऊन कोणीं निवडलेलें नसतें, व त्याच्या दारांत ‘आमच्या प्रभागाचें काय?’ असें हक्कानें विचारणारा सभासद नसतो. सभासद चुकला तर पांच वर्षांनीं त्यास घरीं बसवितां येतें. रिकामी खुर्ची चुकली तर कोणास जाब विचारावा?

घरानें काय करावें

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली ही कीं, हरकत लिहितांना रागाचे शब्द घालूं नयेत. सर्व्हे नंबर, मागील आराखड्यांतील नोंद, नव्या मसुद्यांतील बदल, त्यामुळें कोणाचें काय नुकसान होतें, आणि आपल्या मतें काय करावें, एवढें एका पानांत बसतें. सुनावणीची सूचना आली म्हणजे घरांतील एकानें तरी जावें. वर्तमानपत्रास खरमरीत पत्र लिहून सुनावणीच्या दिवशीं घरीं बसणारे सुशिक्षित गृहस्थ पुष्कळ आहेत. समितीपुढें त्यांचें पत्र नसतें, हजर असलेल्या माणसाचें म्हणणें असतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, मोठा आराखडा वीस वर्षांनीं येतो, पण लहान फेरबदल मधून मधून होतच असतात. ‘कलम ३७’ खालीं एखाद्या मैदानाचा उपयोग बदलावयाचा झाल्यास त्याची जाहिरात द्यावी लागते व हरकतींसाठीं मुदत असते. ही जाहिरात वर्तमानपत्राच्या आंतील पानावर बारीक टाइपांत येते. सेवानिवृत्त वडीलधाऱ्यांनीं शब्दकोड्याबरोबर या जाहिरातींवरही नजर ठेवली, तर शहरावर त्यांचे मोठे उपकार होतील.

तिसरी गोष्ट अंदाजपत्रकाची. पुणें महानगरपालिकेनें २००६ पासून नागरिकांकडून प्रभागांतील लहान कामांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली. पादचाऱ्यांची वाट, बांक, दिवा, बस-थांबा, अशीं कामें त्यांत सुचवितां येतात. या सूचना लिहितांना घरांतील स्त्रियांस व वृद्धांस आधीं विचारावें. दिवसभर वस्तींत वावरणाऱ्यांस जें दिसतें तें सकाळीं नऊस कचेरीस जाणाऱ्यास दिसत नाहीं. अंधारा बोळ कोणता, रस्ता ओलांडणें कोठें कठीण, दवाखान्याच्या पायऱ्या किती उंच, हें तींच सांगूं शकतील. आणि आपल्या घरीं काम करावयास येणाऱ्या बाईसही विचारावें. तिची वस्ती शहराच्या याच नकाशांत आहे. तेथें पाळणाघर व शाळा झाली तर तिच्या मुलांचें भले होईलच, शिवाय शहराचेंही होईल.

चौथी गोष्ट, कोणत्याही ठरावाचें मोजमाप करितांना एक साधा प्रश्न विचारावा : या निर्णयानें सामाईक अंगण वाढलें कीं आंखडलें? मोठा पूल झाला, सुशोभित चौक झाला, फलक लागले, म्हणून शहर सुधारलें असें होत नाहीं. म्युनिसिपल शाळेंत शिक्षक आहे काय, दवाखान्यांत औषध मिळतें काय, राखलेलें मैदान मुलांच्या पायांखालीं आलें काय, हें पाहावें.

२०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें पुणें महानगरपालिकेंत घेण्यांत आलीं. पुढें त्यांतील कांहीं भाग वेगळाही काढण्यांत आला. या गांवांत इमारतींच्या रांगा झपाट्यानें उठत आहेत. तरी कांहीं ठिकाणीं अजून शेत आहे, ओढा आहे, गांवठाणाचें मैदान आहे. पेठांत व उपनगरांत जी जागा एकदां गेली ती कोट्यवधि रुपये देऊनही परत मिळत नाहीं, हें आपण पाहिलेंच आहे. या गांवांत मात्र ‘विहीर व चौक सामाईक राहतील’ हें कलम लिहिण्यास अद्याप वेळ गेलेली नाहीं. तेथें राहावयास गेलेल्या तरुण कुटुंबांनीं, व ज्यांचीं मुलें-नातवंडें तिकडे स्थायिक झालीं आहेत अशा पेठांतील वडील मंडळींनींही, तेथील मसुदा प्रसिद्ध होतांच तो आणवून पाहावा, आणि तीस दिवस संपण्यापूर्वीं आपलें म्हणणें लेखी नोंदवावें.